समाजकार्याची शाळा विद्यापीठात कशाला हवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका स्वयंसेवी संस्थेत वस्तीपातळीवर काम करता, काम जमतं, लोक नावानं हाक मारतात. आता वरचे लोक म्हणतात की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केल्याशिवाय पुढचं पद मिळणार नाही. तेव्हा तुम्ही विचारता, की जे काम फिरून आणि माणसं जोडूनच येतं, त्यासाठी विद्यापीठात शाळा उभी करायची गरज कुणाला आणि का पडली? ती शाळा नेमकी कशासाठी आहे?

मी समाजकार्य शिकवतो आणि वर्गापेक्षा क्षेत्रकार्याच्या, म्हणजे विद्यार्थी वस्तीत आणि संस्थांत जाऊन करतात त्या कामाच्या, पर्यवेक्षणात जास्त रमलो आहे, त्यामुळे माझं उत्तर तटस्थ असणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेचं एक ध्येय माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि दुसरं तिच्या पदवीधरांना पगार कोण देतो यावरून ठरतं. बहुतेक शाळा दुसऱ्यामागे जातात. ज्या कामाला आज कुणी पगार देत नाही, असं काम उभं करून दाखवायची मुभा आणि हिंमत शाळेत असेल, तरच तिनं विद्यापीठात असण्याला अर्थ आहे.

सुरुवात विद्यापीठात झालीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन, न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या धर्मादाय संस्था गरिबांच्या घरी स्वयंसेवक पाठवत. बऱ्या घरातली ही माणसं जात, चौकशी करत, मदत द्यायची की नाही ते ठरवत. अडचण अशी, की एक जण अनुभवातून थोडा शहाणा झाला की निघून जाई आणि त्याच्या जागी आलेला नवा माणूस त्याच घरांवर त्याच चुका पुन्हा करी. शिकण्याची किंमत दर वेळी गरिबानंच मोजायची. अमेरिकेत अशाच धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्या मेरी रिचमंडनं १८९७ मध्ये टोरांटोच्या परिषदेत याच कामासाठी प्रशिक्षणशाळा काढा अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. १८९९ मध्ये ॲम्स्टरडॅमला दोन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुरू झाला. १९०८ मध्ये बर्लिनमध्ये ॲलिस सॉलोमननं स्त्रियांसाठी शाळा काढली. या सगळ्या शाळा संस्थांच्या अंगणातल्या होत्या. संस्थेला हवा तसा कार्यकर्ता घडवणं, एवढंच त्यांचं काम.

मग विद्यापीठ का? एक कारण अगदी साधं, पैसा. लंडनमधली अशीच एक शाळा आर्थिक ओढाताणीनंतर १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विलीन झाली. तिथल्या सामाजिक शास्त्र विभागाला त्या काळात आधार मिळाला तो मुंबईच्या सर रतन टाटांच्या देणगीचा. दारिद्र्याची कारणं शोधण्यासाठी त्यांनी पैसे दिले होते आणि त्या निधीतून चालणाऱ्या संशोधनाची सूत्रं आर. एच. टॉनी या अर्थ-इतिहासकाराकडे होती. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण परदेशातून आलं असं म्हणतात, ते खरंच आहे. पण त्या परदेशी शिक्षणाला सुरुवातीच्या दिवसांत मुंबईचा पैसा लागला होता, हे सांगायला मला जरा गंमत वाटते.

दुसरं कारण मानाचं. वैद्यकीय शिक्षणावरच्या अहवालामुळे दबदबा असलेल्या अब्राहम फ्लेक्सनरनं १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत सरळ सांगितलं, की समाजकार्य हा अजून व्यवसाय नाही. त्याचं म्हणणं असं, की तुमच्याकडे स्वतःची म्हणावी अशी, दुसऱ्याला शिकवता येईल अशी पद्धत नाही. तुम्ही डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यात दुवा जोडता, एवढंच. हा घाव जिव्हारी लागला. दोनच वर्षांत रिचमंडनं व्यक्ती सहाय्य कार्याची (केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायच्या कामाची) पद्धत ग्रंथरूपानं मांडली आणि त्यानंतर आमचा व्यवसाय कित्येक दशकं 'आम्हीही व्यवसायच आहोत' हे सिद्ध करण्यात गुंतला. माझ्या मते त्यात बरीच शक्ती वाया गेली. दुवा जोडणं हे हलकं काम आहे, हे आपण फ्लेक्सनरकडून नको इतक्या सहज मान्य केलं. सरकारी रुग्णालयात रात्री दाखल झालेल्या, रेशनकार्ड नसलेल्या माणसाला विचारा, दुवा जोडणारा हलका असतो का.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते शिकागोत दिसतं. तिथली नागरी आणि धर्मादाय कामाची शाळा १९२० मध्ये शिकागो विद्यापीठाचा भाग झाली. तिच्यामागे सोफोनिस्बा ब्रेकिनरिज आणि १९२४ पासून अधिष्ठाता झालेली एडिथ ॲबट होती. कार्यकर्त्याला एका संस्थेच्या रीतीभातीत तयार करणं ॲबटला पुरेसं वाटत नव्हतं. कायदा, अर्थशास्त्र, आकडेशास्त्र आणि सरकारी कल्याण प्रशासन आलंच पाहिजे, हा तिचा आग्रह. तेव्हा अमेरिकेत गरिबांची मदत मुख्यतः खासगी संस्था आणि स्थानिक कारभार पाहत. सरकारी कल्याणखात्यातल्या नोकऱ्या फारशा नव्हत्याच. म्हणजे ती विद्यार्थ्यांना जवळजवळ नसलेल्या नोकरीसाठी तयार करत होती. मग महामंदी आली, १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि सरकारला हे काम जाणणारी माणसं हवी झाली. ज्या शाळा फक्त संस्थांच्या मागणीप्रमाणे शिकवत होत्या, त्यांच्याकडे ती नव्हती.

आता आपल्याकडे. मुंबईत नागपाड्याच्या कामगार वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र चालवत होते. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून तिथंच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. दोन गोष्टी लक्षात घ्या. ही शाळा पहिल्या दिवसापासून पदव्युत्तर होती, तरी कुठल्याही विद्यापीठाची नव्हती. आणि ती वस्तीच्या मधोमध होती, खिडकीखाली गिरणी कामगारांचा मुलूख. वर्षभरात बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पुढे तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपाडा ते देवनार हा प्रवास मला नेहमी दोन्ही अर्थांनी बोलका वाटतो. जागा मिळाली, ग्रंथालय मिळालं, पण वस्तीत जायला आता बस पकडावी लागते.

दरम्यान इतर शाळा उभ्या राहिल्या. वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेनं सुरू केलेली शाळा पुढे दिल्ली विद्यापीठात आली, बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा झाली, मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था. महाराष्ट्रात नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं निघाली. त्यातली अनुदानित महाविद्यालयं परीक्षेपुरती विद्यापीठाची आणि पगारापुरती उच्च शिक्षण खात्याची नव्हे, सामाजिक न्याय खात्याची. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. आत असलेल्यांना दोन घरचा पाहुणा म्हणजे काय ते कळतं.

पगार कोण देतो, ही गोष्ट इथं येते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. झालं, समाजकार्याच्या शाळांना एकदम बाजारपेठ मिळाली. कामगार कल्याण हा विषय फुगला, मग त्याचं कर्मचारी व्यवस्थापन झालं, मग मनुष्यबळ व्यवस्थापन. कामगाराच्या बाजूनं उभं राहायला निघालेला विषय टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला आणि हे कुणी ठरवून केलं नाही. चांगल्या पगाराच्या नोकऱ्या तिकडे होत्या, हुशार मुलं तिकडे गेली, अभ्यासक्रम त्यांच्यामागून गेला.

सरकार हा दुसरा मालक. १९५२ चा सामुदायिक विकास कार्यक्रम, १९५३ चं केंद्रीय समाज कल्याण मंडळ, नंतर परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), बालगृहं, एकात्मिक बालविकास योजना. मग परदेशी निधीवरच्या संस्था आल्या आणि समुदाय संघटनाच्या तासाला लॉगफ्रेम, म्हणजे निधी देणाऱ्यांना हवा असलेला उद्दिष्टं आणि निष्पत्तींचा तक्ता, शिकवायची वेळ आली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, की लगेच सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, प्रमाणपत्रं निघाली. यातलं काहीही वाईट नाही. मुलांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत. शिकवायला लागल्यापासून पालकांना तोंड मीही देतोच आहे. पण शाळा एवढंच करत असेल तर ती विद्यापीठात कशाला हवी? एखादी संस्था सहा महिन्यांत हेच शिकवील, आणि कदाचित जास्त चांगलं.

आता दुसरी बाजू पाहा. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या जागेत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तो टाटा इन्स्टिट्यूटचा क्षेत्र-कृती प्रकल्प, म्हणजे शाळेनं स्वतः उभं केलेलं प्रत्यक्ष काम, होता. नवऱ्याची मारहाण ही तेव्हा घरातली बाब मानली जाई. ठाण्यात आलेल्या बाईला समजूत घालून परत पाठवणं हाच शिरस्ता. तिथं प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसवायचा, तोही पोलिसांच्याच आवारात, अशी कुठल्याही खात्याची मागणी नव्हती, कुठं जागा निघालेली नव्हती. शाळेनं ते करून पाहिलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला २००५ मध्ये, एकवीस वर्षांनी. हे कक्ष पुढे राज्य शासनानं स्वीकारले आणि आज ते महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत आहेत. तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या माणसांसाठीचा 'प्रयास' १९९० चा, तोही तसाच. रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा फोन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला तोही याच वाटेनं. पोरांनी त्याला 'दस नौ आठ' म्हणत नाव देऊन टाकलं आणि पुढे ती देशभराची सेवा झाली.

या प्रत्येकात विद्यापीठ असण्याचा उपयोग काय झाला ते नीट पाहा. निधी देणाऱ्याला तीन महिन्यांत 'लाभार्थी किती' हे सांगावं लागलं नाही. शिक्षक होते, त्यामुळे एखादा कार्यकर्ता गेला तरी विचार टिकला. दरवर्षी नवे विद्यार्थी येत, ते भोळे प्रश्न विचारत, आणि त्या भोळ्या प्रश्नांनी जुन्या माणसांच्या सवयी हलत. नोंदी ठेवल्या जात, त्या वाचल्या जात, त्यांतून लिहिलं जाई. आणि पोलिसांशी बोलायला जाताना पाठीशी शिक्षणसंस्थेचं नाव होतं, ते छोट्या संस्थेला मिळत नाही. हे सगळं एकत्र असेल तर नवं काम उभं राहतं. नुसती पदवी वाटली तर नाही.

आता तुम्हाला जे प्रत्यक्ष मिळेल त्याबद्दल. एमएसडब्ल्यूचा कणा क्षेत्रकार्य आहे. आठवड्यातले साधारण दोन दिवस एजन्सीत (विभागानं नेमून दिलेल्या संस्थेत), पहिल्या सत्रात आधी ओरिएंटेशनच्या भेटी, मग एखादं ग्रामीण शिबिर, शेवटी महिनाभर एकाच ठिकाणी सलग काम, म्हणजे ब्लॉक प्लेसमेंट. तुम्ही म्हणाल, हे तर मी रोज करतो. करता, पण तुमच्या कामाकडे दुसरं कुणी बारकाईनं पाहत नाही. फरक दर आठवड्याच्या पर्यवेक्षकाबरोबरच्या बैठकीत आहे. आम्ही तिला आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतो.

उदाहरण देतो. ते एका विद्यार्थ्याचं नाही, अनेकांचं मिळून आहे. अहवालात लिहिलेलं असतं, 'आईला मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं. आईनं होकार दिला.' मी विचारतो, तुम्ही कुठे बसला होतात? खुर्चीवर. आई? खाली, बांगड्यांचं काम करत. किती नगांमागे किती पैसे मिळतात? विचारलं नाही. खोलीत आणखी कोण होतं? सासू, आणि शेजारची एक बाई दारात. मुलगी? ती चहा करत होती. मग हळूहळू दिसायला लागतं, की होकार आईनं मुलीच्या शिक्षणाला दिलेलाच नाही. खुर्चीवरच्या पाहुण्याला लवकर उठवण्यासाठी दिला आहे. आणि मुलगी शाळेत न जाण्याचं कारण कदाचित त्या बांगड्यांच्या हिशेबात आहे. तो हिशेब मालाच्या ठेकेदाराकडे जातो, तिथून घरी बसून काम करणाऱ्या कामगारांच्या प्रश्नापर्यंत. एका वाक्याच्या अहवालातून हे बाहेर काढायला तास जातो. पुढच्या भेटीत तो विद्यार्थी खाली बसतो आणि आधी दर विचारतो. त्यानं सिद्धांत वाचलेला असतोच. आता तो कुठं लागतो ते त्याला दिसलेलं असतं.

संस्थेत काम करताना हा तास कुणाकडेच नसतो. तुमचा प्रकल्प समन्वयक चांगला असेल तरी त्याला आकडे हवे असतात. शाळेचा धंदाच मुळी या तासाचा आहे. म्हणून पर्यवेक्षण ढिलं झालेली शाळा, तिची इमारत कितीही मोठी असो, माझ्या लेखी बंद पडलेली शाळा आहे. आणि दुर्दैवानं ढिलं होण्याची कारणं भरपूर आहेत. पदं भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या वाट्याला भलतेच विद्यार्थी येतात, कायम शिक्षकाला बढतीसाठी शोधनिबंध मोजावे लागतात. वस्तीत घालवलेल्या दुपारी त्या गुणांकनात धरल्या जात नाहीत. विद्यापीठात येण्याची ही खरी किंमत. फ्लेक्सनरला आम्ही आता पूर्णपणे शांत केलं आहे. निबंध आहेत, परिषदा आहेत, संदर्भसूची आहे. फक्त आयसी पंधरा दिवसांनी होते.

आणखी एक उणीव झाकू नये. आमच्या शाळांनी व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही चौकट अमेरिकेकडून जशीच्या तशी उचलली. त्या चौकटीत जात नव्हती. त्यामुळे कित्येक वर्षं पाणवठ्यावरचं भांडण म्हणजे 'समुदायातील संघर्ष' आणि मैला साफ करणारा माणूस म्हणजे 'व्यसनाधीन क्लायंट' असं शिकवलं गेलं. फुले आणि आंबेडकर अभ्यासक्रमात आले, पण 'समाजसुधारणेचा इतिहास' या घटकात पाच गुणांसाठी. समाज वाचायची पद्धत म्हणून ते फार उशिरा आले. हे बदलायला लावलं ते मुख्यतः विद्यार्थ्यांनी. महाराष्ट्रातल्या समाजकार्याच्या वर्गांत आज मोठ्या संख्येनं मुलं दलित, भटक्या-विमुक्त, आदिवासी, ओबीसी घरांतली आहेत. त्यांना वस्ती दाखवायला न्यावं लागत नाही. उलट, त्यांचंच घर ज्या वस्तीत आहे तिथं 'गृहभेट' करायला दुसरा विद्यार्थी येतो, तेव्हा वर्गात जे बोलणं होतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा खोल जातं, शिक्षकानं ते होऊ दिलं तर. काही वेळा शिक्षकच घाबरतो.

मान्यतेचं म्हणाल तर, डॉक्टर-वकिलांसारखी समाजकार्यकर्त्यांची सर्वसाधारण वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. वैद्यकीय आणि मानसोपचार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत जागा मिळाली, तेवढंच. म्हणजे तुमची पदवी ही परवाना नाही. काही सरकारी आणि रुग्णालयातल्या पदांसाठी ती अट आहे, बाकी ठिकाणी पसंती. वरिष्ठांनी सांगितलं म्हणूनच करणार असाल तर दूरशिक्षणानं उरकता येईल, पण मग वर जे आयसीचं सांगितलं ते विसरा.

खरंच शिकायचं असेल तर प्रवेशाआधी त्या विभागात एक दिवस जा. माहितीपत्रक, प्लेसमेंटचा टक्का, नावाजलेले माजी विद्यार्थी हे सोडा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, गेल्या महिन्यात तुमच्या आयसी किती झाल्या, अहवाल परत आले तेव्हा त्यांवर काही लिहिलेलं होतं की नुसती सही. पर्यवेक्षक एजन्सीत शेवटचे कधी आले होते ते विचारा. विभागाचं स्वतःचं, म्हणजे शिक्षकांनी उभं केलेलं एखादं काम आहे का ते पाहा. आणि असल्यास ते कशानं बंद पडेल हेही विचारा. उत्तर 'निधी संपला तर' असं आलं तर तो प्रकल्प आहे. 'अमुक मॅडम निवृत्त झाल्या तर' असं आलं तर ते काम आहे, पण शाळेचं झालेलं नाही.

प्रवेश मिळाला, की एक गोष्ट नक्की करा. तुमची संस्था सांगेल, आमच्याकडेच क्षेत्रकार्य करा, पगारही चालू राहील. विभागही सोयीचं म्हणून हो म्हणेल. घरची अडचण अगदीच नसेल तर नकार द्या आणि तुम्हाला सगळ्यात कमी माहिती असलेलं ठिकाण मागून घ्या. बायकांच्या गटांत काम केलं असेल तर बाल न्याय मंडळ घ्या, आरोग्यात केलं असेल तर कामगारांची संघटना. पहिले दोन महिने तुम्हाला काहीही येत नाही असं वाटेल आणि पर्यवेक्षकाला तुमच्याबरोबर खरंच बसावं लागेल.